दोन शंकू, अर्धा चेंडू

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे उभा राहिला तो मधोमध कापलेला रबरी चेंडू.

महत्त्वमापन म्हणजे सूत्रांची यादी, अशी आमची पक्की समजूत होती. गोलाचे घनफळ चार तृतीयांश पाय आर घन. पाठ करायचे, ओकायचे. पाय ओळखीचा, घनही ओळखीचा. पण हे चार तृतीयांश मधेच कुठून उपटले, असे विचारायची कुणाची छाती नव्हती.

चाचणीत गणित आले: १४ सेंमी व्यासाचा भरीव लोखंडी गोळा, एक घन सेंमी लोखंडाचे वजन ७.८ ग्रॅम, तर गोळ्याचे वजन किती? मी झोकात १४ चा घन केला आणि सुमारे ८९.७ किलो या उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. पेपर देताना सरांनी मला पुढे बोलावले, दोन्ही हातांची ओंजळ करायला लावली. "एवढासा गोळा. उचल बरं नव्वद किलो!" वर्ग खो-खो हसला. त्रिज्येच्या जागी व्यास घातला होता. खरे उत्तर ११.२ किलोच्या आसपास. चूक दुपटीची, पण घन करताना ती तीनदा गुणली जाते आणि आठपट होऊन बसते.

दुसऱ्या दिवशी सर तो कापलेला चेंडू घेऊन आले. सोबत पत्र्याचा शंकू. त्याची त्रिज्या चेंडूएवढी आणि उंचीही त्रिज्येएवढीच. शंकू वाळूने भरून त्यांनी अर्ध्या चेंडूत ओतला. वाळू जवळजवळ दोन तृतीयांश उंचीपर्यंत चढली. "आता दुसरा मावायचा नाही," मागच्या बाकावरून आवाज आला. मावला, अगदी काठोकाठ. वाटीसारखा आकार खाली अरुंद आणि वर रुंद, डोळे फसतातच. शंकूचे घनफळ एक तृतीयांश पाय आर वर्ग गुणिले उंची. इथे उंची म्हणजे आरच. अर्ध्या गोलात असे दोन शंकू, पूर्ण गोलात चार. चार आणि तृतीयांश, दोन्ही टेबलावर सापडले. (टेबलावर वाळूही बरीच सापडली. ती मी झाडली.)

आर्किमिडीजने हे बावीसशे वर्षांपूर्वी सिद्ध केले होते, हे सरांनी त्याच तासाला सांगितले. पण मला जास्त भावले ते भास्कराचार्य. 'लीलावती'त ते वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाचे पृष्ठफळ म्हणतात, चेंडूभोवती विणलेल्या जाळीसारखे. मग पृष्ठफळाला व्यासाने गुणायचे आणि सहाने भागायचे, की घनफळ तयार. या रीतीत त्रिज्या लागतच नाही! ही आधी शिकवली असती तर माझे नव्वद किलो टळले असते.

पुढे नोकरीत गोलाकार टाक्यांचेच आराखडे नशिबी आले. त्रिज्येत एक टक्का चुकलो तर घनफळात तीन टक्के चूक. आराखड्यावर आकडा असतो तो व्यासाचा, तोही आतला की बाहेरचा, हे विचारून घ्यावे लागते. तो आधी निम्मा करून मी पेन्सिलीने त्याभोवती गोल काढतो, मगच पुढचे. नवी मुले या सवयीला हसतात. त्यांना मी ओंजळ पुढे करायला सांगतो.