आमची वाटचाल : कुंड्यांपासून खाडीपर्यंत

भांडुपला नर्सरी टाकली ती सोसायट्यांना कुंड्या पुरवायला. मोगरा, तुळस, मनी प्लांट. धंदा बरा चालला, त्यात विशेष सांगण्यासारखं नाही. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवन, म्हणजे खाडीकाठचं खारफुटीचं जंगल, तोडण्यावर बंदी आणली, २०१२ मध्ये वनविभागाचा कांदळवन कक्ष झाला आणि पुढे तिवर या खारफुटीच्या झाडाच्या रोपांना गिऱ्हाईक मिळू लागलं. आम्हीही त्या रोपांच्या पिशव्या भरू लागलो.

ऑर्डर यायची ती आकड्यावर. अमुक हजार रोपं, बॅनर, फोटो, चहा. त्यातलं जगलं किती, हे विचारायला कुणी फिरकत नसे.

ठाणे खाडीकाठच्या एका तुकड्यावर राडारोडा पडून जुनी नाळ, म्हणजे भरती-ओहोटीच्या पाण्याची वाट, बुजली होती. भरतीचं पाणी आत शिरे, पण ओहोटीला निघत नसे. तिवराची चिखलातून वर आलेली मुळं श्वास घेतात. ती सतत पाण्याखाली राहिली की झाड मरतं. आमच्याकडे काम करणारे कोळीकाका म्हणाले, "पाण्याला वाट करून द्या, तिवर आपसूक येईल." परवानगी हातात पडल्यावर राडारोडा उपसला, नाळ मोकळी केली. रोप एकही लावलं नाही. पावसाळ्यात बिया भरतीबरोबर आल्या, साल सुटून दोन जाड दलं उघडली आणि चिखलात रुजल्या. मग खेकड्यांची बिळं दिसू लागली. बिळांतून चिखलात हवा-पाणी खेळतं, म्हणजे रोपांचीही सोय. पाठोपाठ निवट्या, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे, आल्या, त्यांच्यावर डोळा ठेवून बगळे.

सध्या तिथे तिवरच तिवर आहे. सांडपाणी सोसण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. चिपी, कांदळ ही खारफुटीची बाकीची झाडं तिथे कधी येतील, याची तारीख आम्ही कुणाला देत नाही. लोकांना मात्र पहिल्याच वर्षी जंगल हवं असतं!

ज्यांच्यासाठी हे काम केलं त्यांनी बिल अडवलं. "लावलंत काय? झाडं तर आपोआप आली!" पैसे मिळाले, पण बरेच हेलपाटे घालून.

तेव्हापासून कोटेशन रोपांवर नाही, जागेवर देतो : उपसा, नाळ आणि तीन वर्षांची देखरेख. उधाणात वाहून येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या कोवळ्या रोपांना गुंडाळून आडवं करतात, ती सफाई वेगळी लावतो. त्यावर घासाघीस करणारे अजून भेटतातच. मोगरा अजूनही विकतो. पगार त्यावरच निघतात.