शिकायचं, पण कशात?

सोमवार, रात्री उशिरा

आमच्या वृत्तपत्राच्या डेस्कवरचे एक ज्येष्ठ सहकारी आज शेवटचे आले. कंत्राटाची मुदत संपली, पुढे वाढवली नाही. मालेगाव, सटाणा, येवल्याच्या वार्ताहरांच्या बातम्या त्यांनी एकेकाळी फोनवर उतरवून घेतल्या होत्या. आमच्यापैकी निम्म्यांना ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी शिकवलं. निघताना मला म्हणाले, "अगं, तुझं वय आहे अजून. शिकून घे." मी विचारलं, "काय शिकू, सर?" तर म्हणाले, "ते तुझं तू ठरव. मी ज्यात तरबेज झालो, ते काम आता कुणाला लागत नाही."

हे वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

गेले कित्येक आठवडे एकच विषय मनात घोळतोय. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करायचा का? नोकरी सोडून दोन वर्षं पुण्याला राहायचं का? बारावीत असल्यापासून तिथे शिकायचं स्वप्न होतं. तेव्हा घरची परिस्थिती नव्हती, म्हणून इथे नाशिकलाच पदवी घेतली आणि लगेच कामाला लागले. आता थोडे पैसे साठलेत तर क्षेत्राचाच भरवसा राहिलेला नाही.

विद्यापीठाची फी मी भरू शकेन. खरा खर्च खोली, मेस आणि दोन वर्षांचा बुडालेला पगार. त्याहून मोठा म्हणजे तुटलेली माणसं. बाजार समितीतला मापारी, निफाडचा तलाठी, जिल्हा परिषदेतले बाबू आज माझा फोन उचलतात, कारण मी रोज दिसते. दोन वर्षांनी तोच फोन दुसऱ्या कुणाचा असेल.

बुधवार

कॉलेज रोडला जुनी मैत्रीण भेटली. आम्ही एकत्र बातमीदारी सुरू केली होती. आता ती एका जनसंपर्क संस्थेत आहे आणि मलाही बोलावतेय. 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं शहरात वाहताहेत. रस्ते, घाट, साधुग्राम, प्रत्येक कामाला प्रसिद्धी हवी, व्हिडिओ हवेत, मजकूर लिहिणारा हवा. पगार माझ्या जवळपास दुप्पट. ती समाधानी आहे आणि मला तिचा मनापासून आनंद वाटतो. पण पर्वणीची स्नानं उरकल्यावर काय, हे तिलाही ठाऊक नाही. आणि मला ज्या कंत्राटदाराला प्रश्न विचारायचे आहेत, त्याचंच पत्रक मी लिहीन, हे मनाला पटत नाही.

घरी आल्यावर पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या वेतन मंडळाची जुनी कात्रणं वाचली. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्राने नोव्हेंबर 2011 मध्ये अधिसूचित केल्या. फेब्रुवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. जून 2017 च्या निकालात तर कंत्राटी पत्रकारांनाही त्या लागू आहेत, असं स्पष्ट सांगितलं. कागदावर एवढे निकाल असून तालुक्याच्या गावचा वार्ताहर आजही बातमीमागे मिळणाऱ्या तुटपुंज्या मानधनावर आणि वाढदिवस-पुण्यस्मरणाच्या जाहिरातींच्या कमिशनवर घर चालवतो. त्याच्याकडे पदवी नाही म्हणून हे होतंय, असं कुणी म्हणत असेल तर मला ते मान्य नाही. पदव्युत्तर प्रमाणपत्र हातात आलं की कंत्राटाचा कागद बदलेल, अशी आशा धरून मला पुण्याला जायचं नाही. जायचंच तर दुसऱ्या कारणासाठी जायला हवं.

प्राध्यापकीसाठीच्या नेट या पात्रता परीक्षेचा मार्गही कुणीतरी सुचवला. एम.ए.ला 55 टक्के पडले की नेट देता येते, मग प्राध्यापकी. पण महाविद्यालयांत आज किती जण तासिका तत्त्वावर राबताहेत, त्यांच्या बातम्या मीच केल्यात. शिवाय जे काम अजून मी पोटभर केलेलं नाही, ते दुसऱ्यांना कसं शिकवू?

रविवार, गावी

आप्पांशी बोलले. चाळीत कांदा भरणं चालू होतं, त्यामुळे बोलणं अर्धं कामातच झालं. ते म्हणाले, "पोरी, तुझी ती 770 ची बातमी आठवते? तसं लिहायला शिकवतात का त्या पुण्याच्या कॉलेजात?"

त्या बातमीबद्दल इथे सविस्तर लिहून ठेवते, कारण निर्णय तिथूनच निघाला.

2023 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं आणि लासलगाव, पिंपळगावचे लिलाव बंद पडले. 8 डिसेंबरपासून थेट निर्यातबंदी. लाल कांद्याची आवक ऐन भरात असताना भाव घसरले. 4 मे 2024 रोजी बंदी उठली. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान 20 मेला होतं, त्यामुळे त्या घोषणेचा गाजावाजा केवढा झाला असेल ते सांगायला नको. पण बंदी उठताना 550 डॉलर प्रतिटन किमान निर्यातमूल्य ठेवलं होतं, म्हणजे त्याहून कमी किमतीला कांदा परदेशात विकायची मुभा नव्हती, आणि त्याच्या जोडीला 40 टक्के शुल्क. पिंपळगावच्या एका निर्यातदाराने मला वहीच्या पानावर हिशेब करून दाखवला : 550 आणि त्यावर 220, झाले 770 डॉलर. तेव्हाच्या दराने किलोला साधारण 64 रुपये, आणि कंटेनरचं, जहाजाचं भाडं त्यावर वेगळं. लासलगावात तेव्हा त्याच्या निम्मा भावही शेतकऱ्याला मिळत नव्हता. एवढ्या किमतीला परदेशात कोण घेणार? म्हणजे दार उघडलं होतं, पण उंबरठा छातीइतका उंच बांधून.

तो हिशेब मी साध्या शब्दांत, चौकट करून छापला. दुसऱ्या दिवशी आवारात शेतकरी ते पान दाखवून एकमेकांना समजावत होते. आप्पांचा फोन आला, "बंदी उठली म्हणजे नेमकं काय उठलं, ते आज कळलं." माझ्या आजवरच्या कामातला मला सर्वांत प्रिय दिवस तो.

किमान निर्यातमूल्य सप्टेंबर 2024 मध्ये गेलं आणि शुल्क 20 टक्क्यांवर आलं, 1 एप्रिल 2025 पासून तेही गेलं. प्रत्येक वेळी मला पुढचे प्रश्न पडत गेले. शुल्काचा भार व्यापारी स्वतः किती सोसतो आणि शेतकऱ्यावर किती ढकलतो? केंद्राने 2023 मध्ये कांद्याच्या राखीव साठ्याचं उद्दिष्ट 3 लाख टनांवरून 5 लाख टनांवर नेलं, त्या खरेदीने बाजार खरंच सावरला का, आणि तोच कांदा बाहेर काढल्यावर भाव किती पडला? दरवेळी मी कुणाला तरी फोन करते आणि त्याचं म्हणणं अवतरणचिन्हात टाकते. दुसरा त्याच्या उलट सांगतो, तेही टाकते. दोघांपैकी कोणाचं गणित बरोबर, हे तपासण्याची ताकद मला हवी आहे. पान लावणं, मथळा देणं, कॅमेरा धरणं मी कामावर शिकले आणि पुढेही शिकेन. भाषांतर तर आता यंत्रच करून देतं, आम्ही फक्त हात फिरवतो. पण हे गणित न्यूजरूममध्ये शिकवायला कुणाला वेळ नाही.

आप्पांना म्हटलं, "मग अर्थशास्त्र शिकते." ते म्हणाले, "शीक. पण बाजार सोडू नको."

मंगळवार

ठरलं. इग्नू या मुक्त विद्यापीठातून, घरबसल्या, अर्थशास्त्रात एम.ए. करणार. कुठल्याही शाखेच्या पदवीवर प्रवेश मिळतो, किमान दोन वर्षांत पूर्ण करता येतं आणि चार वर्षांपर्यंत मुदत असते. नोकरी सांभाळून करायचं तर मला तीन-साडेतीन वर्षं लागतील असं वाटतं. इंग्रजी पुस्तकांची आणि गणिताची धास्ती आहे. पहिल्याच वर्षी संख्याशास्त्र आलं तर काय करायचं, या विचाराने काल झोप नीट लागली नाही. सकाळी सार्वजनिक वाचनालयात जाऊन दहावी-बारावीच्या पातळीपासून मराठीत काही मिळतंय का ते पाहिलं आणि दोन पुस्तकं घेऊन आले.

रानडेचं दुःख होतंय, ते लपवत नाही. तिथली माणसं, सोबत शिकणारी मुलं, दोन वर्षं निवांत वाचण्याची मुभा, हे टपालाने येणाऱ्या पुस्तकांतून मिळणार नाही. पुण्या-मुंबईच्या डेस्कवर ओळखीचं कुणी असणं किती उपयोगाचं, तेही मला माहीत आहे. नोकरी उद्याच गेली तर हा निर्णय चुकीचा वाटेल का, याचाही विचार केला. गेली तर अर्थशास्त्र येणारी बातमीदार म्हणून दुसरीकडे दार ठोठावेन. कदाचित शेतमालाच्या बाजारावर स्वतःचं काही सुरू करेन.

सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. डिसेंबर म्हणजे लाल कांद्याच्या आवकेचा हंगाम, त्या दिवसांत रजा मागणं जड जाणार. उद्या संपादकांशी बोलायचं आहे. परीक्षेच्या दिवसांपुरती सुट्टी आणि बाजार समितीचं काम माझ्याकडेच राहावं, एवढ्या दोनच गोष्टी मागणार आहे.