एल-वन आणि अणुभट्टी

अणुऊर्जा प्रकल्प म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे हजारो कोटींचे आकडे येतात. माझ्या टेबलावर त्यातलं येतं ते अगदी शेवटचं टोक: मोठ्या कंपनीला मिळालेल्या पॅकेजमधला एखादा तुकडा. स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, पाइपांचे सपोर्ट, कधी नुसते फ्लँज. रबाळे एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. शेठ शॉप बघतात, मी टेंडर, कोटेशन आणि करारपत्रं. ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत माझी ओळख ‘त्या अणुबाँबवाल्या कंपनीत असते ती’ अशी आहे. खुलासे करणं मी कधीच सोडलंय.

टाक्या आम्ही औषध कंपन्यांनाही देतो. जाडी तीच, ग्रेड तोच, वेल्डर तोच, पण अणुप्रकल्पाच्या टाकीचा भाव मात्र कितीतरी जास्त. नवीन पार्टीला वाटतं, सरकारी काम म्हणून लावलाय चढा भाव. खरं कारण क्वालिटी प्लॅनमध्ये, म्हणजे कुठल्या टप्प्यावर काय तपासायचं त्या यादीत असतं. प्लेट कापायच्या आधी तिचा हीट नंबर (पोलाद कुठल्या घाण्यातलं ते सांगणारा) कापल्या जाणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर पंच करायचा, तोही इन्स्पेक्टरसमोर. मार्कर क्लोराइड नसलेला हवा, कारण क्लोराइडमुळे स्टेनलेसला पुढे तडे जाऊ शकतात. साध्या लोखंडावर चाललेलं ग्राइंडिंग व्हील स्टेनलेसला लावायचं नाही. प्रायमरी सर्किटला, म्हणजे थेट भट्टीतून फिरणाऱ्या पाण्याच्या वाटेवर, जाणारा भाग असेल तर धातूतल्या कोबाल्टवरही मर्यादा असते. भट्टीत न्यूट्रॉन खाऊन त्याचा किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० होतो आणि त्याचा त्रास पुढची कित्येक वर्षं दुरुस्तीला आत जाणाऱ्या माणसांना.

शिवाय होल्ड पॉइंट. इन्स्पेक्टरची सही होईपर्यंत काम पुढे सरकवायचं नाही. तो गुरुवारी येणार म्हणाला आणि सोमवारी आला, तर मधले दिवस टाकी शॉपमध्ये जागा अडवून उभी. ती जागा, तो खोळंबा, शेवटी बांधायचा तपासणीच्या कागदांचा जाडजूड डॉसियर, हे सगळं भावात धरावं लागतं. जो धरत नाही, तो एल-वन होतो, म्हणजे सगळ्यात कमी भाववाला.

सरकारी खरेदीत लिफाफे दोन. आधी टेक्निकल उघडतं, त्यात पास झालेल्यांचंच प्राइस बिड उघडतं आणि सगळ्यात कमी भाववाल्याला ऑर्डर. आमच्यासारख्यांना भाव विचारणारा मोठा ठेकेदारही एल-वन होऊनच आलेला असतो, त्यामुळे तोही खाली एल-वनच शोधतो. पायरीगणिक भाव उतरत जातो. क्वालिटी प्लॅन मात्र जसाच्या तसा शेवटच्या पायरीपर्यंत पोचायला हवा, आणि नेमका तोच वाटेत गळतो. मला कित्येकदा नुसतं ड्रॉइंग येतं, सोबत एका ओळीचं मेल: ‘रेट पाठवा, अर्जंट.’

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. फिनलंडमधल्या ओल्किलुओटोच्या तिसऱ्या भट्टीचा करार २००३ साली झाला. अरेवा आणि सीमेन्स या कंपन्यांनी सुमारे ३०० कोटी युरोंच्या ठरलेल्या रकमेत ती चालू करून द्यायची होती. बांधकाम २००५ला सुरू झालं, वीज २००९मध्ये यायची होती. नियमित उत्पादन सुरू झालं एप्रिल २०२३मध्ये. तिथल्या नियामकाने २००६मध्येच पोटठेकेदारांच्या कामाची चौकशी केली होती. निष्कर्ष वाचताना मला आपलीच एमआयडीसी दिसत होती: कामं अणुक्षेत्राचा अनुभव नसलेल्यांकडे गेली होती, आणि इथे दर्जा किती कडक लागतो हे त्यांना भाव मागताना नीट सांगितलंच गेलं नव्हतं. रक्कम कागदावर पक्की झाली म्हणजे जोखीम गेली असं नसतं. ती अरेवाच्या गळ्यात पडली आणि कंपनी मोडून नव्याने बांधावी लागली.

आपल्या ७०० मेगावॉटच्या भट्ट्यांचं डिझाइन एनपीसीआयएल या अणुवीज बनवणाऱ्या सरकारी कंपनीचं, म्हणजे खाडीपलीकडच्या अणुशक्तीनगरचं. काम पॅकेजांमध्ये वाटलं जातं. एका भट्टीला चार स्टीम जनरेटर आणि ३९२ कूलंट चॅनल लागतात. जड फोर्जिंगच्या वस्तूंना वर्षानुवर्षं लागतात, म्हणून त्यांच्या ऑर्डरी पायाचं काँक्रीट पडायच्या आधीच निघायला हव्यात. पूर्वी एकदोन भट्ट्या मंजूर व्हायच्या, मग शांतता. २०१७च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने एकदम दहा मंजूर केल्या: कैगा, गोरखपूर आणि चुटका इथे दोनदोन, माही बांसवाड्याला चार. याला म्हणतात फ्लीट मोड.

वरच्यांसाठी हा घाऊक खरेदीचा फायदा असेल. आमच्यासाठी प्रश्न वेल्डरचा आहे. एखादी वेल्डिंग प्रोसेस वेल्डरने सहा महिने वापरली नाही, तर कोडप्रमाणे त्याचं त्या प्रोसेसचं क्वालिफिकेशन संपतं. पुन्हा टेस्ट पीस, पुन्हा एक्स-रे, पुन्हा खर्च. आणि सहा महिने काम नसेल तर तो थांबतो कशाला? आमचा टिग वेल्डिंगचा सगळ्यात चांगला हात कतारला गेला, एका रिफायनरीच्या शटडाउनवर. शेठनी अडवलं नाही. कशाच्या जोरावर अडवणार?

पैशाचं बोलायचं तर सूक्ष्म-लघु उद्योगांना सरकारी टेंडरमध्ये ईएमडी, म्हणजे बोलीसोबतची अनामत, माफ आहे, आणि ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत असा २००६चा कायदा आहे. त्यावर मी इथे लिहीत बसत नाही, बीपी वाढतं. जास्त बोचतं ते भावबदलाचं कलम. मोठ्या करारात ते बहुधा असतं, आमच्या परचेस ऑर्डरवर ‘फर्म प्राइस’, म्हणजे भाव बदलणार नाही. मार्च २०२२मध्ये लंडनच्या बाजारात निकेल टनाला एक लाख डॉलरच्या वर उसळलं, व्यवहारच थांबवावे लागले. स्टेनलेसवाले फोन उचलत नव्हते. आणि आमच्या कोटेशनची व्हॅलिडिटी अजून चालू.

ऑक्टोबर २०२१मध्ये अर्थ मंत्रालयाने काही कामांसाठी आणि सेवांसाठी दर्जाला जास्तीत जास्त ३० टक्के वजन द्यायला मुभा दिली. मला विचाराल तर सुरक्षेशी संबंधित मालालाही ते लागू करावं. ऑफिसच्या खुर्च्या खुशाल एल-वनने घ्या.

तोवर मी माझ्यापुरता एक नियम केलाय: क्वालिटी प्लॅन हातात आल्याशिवाय रेट नाही. परवा एका पॅकेजच्या चौकशीला तसंच उत्तर पाठवलं, सोबत दोन प्रश्न: चार लॉटच्या डिलिव्हऱ्यांमध्ये अंतर किती, आणि चारही लॉटची ऑर्डर एकदमच देणार का? समोरचा म्हणाला, “मॅडम, बाकीच्यांनी तर रेट पाठवलेसुद्धा.” मी म्हटलं, पाठवू देत.