ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आजींनी उघडलेला डबा

मी कुडाळच्या बाजूला एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, सर्जिकल वॉर्डला. अ‍ॅडमिट व्हायला येणारी माणसं सामान भरपूर आणतात, उशी, चादरी, चटई, पेजेचा डबा, वर गावातली चार-पाच माणसं सोबत, पण जुने कागद मागितले की उत्तर ठरलेलं, "ते घराकडे रवले." म्हणून हा प्रसंग लिहितेय.

दिवाळी होऊन गेली होती, भातं झोडून झाली की आमच्याकडे ठरवून करायची ऑपरेशनं वाढतात कारण पावसात आणि कापणीत कोणालाच वेळ नसतो. मालवणच्या बाजूचे एक आजोबा आले, सत्तरी ओलांडलेले, जांघेतला हर्निया, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली केस त्यांचीच. सोबत आजी आणि डोंबिवलीहून खास रजा काढून आलेला मुलगा. ओपीडीच्या कागदावर आजार म्हणून फक्त बीपी लिहिलेलं, ईसीजीतही उठून दिसण्यासारखं काही नव्हतं. भूलतज्ज्ञ मॅडम संध्याकाळच्या राऊंडला येणार होत्या, त्याआधी मी अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरत होते.

मी विचारलं गोळ्या कुठल्या चालू आहेत, मुलगा म्हणाला बीपीची एक, बस. तेवढ्यात आजींनी पिशवीतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यासमोर बेडवर उघडून ठेवला. आत रबर लावलेले पट्ट्यांचे तुकडे, दोन मोकळ्या पट्ट्या, एक गोळी वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळलेली. "माका वाचूक येणा नाय, पण रंग वळाखतंय. ही पिवळी सकाळची, ही गुलाबी रातची, आणि ही जेवल्यावर." ती जेवल्यावरची म्हणजे कॅप्सूल होती, तीनच उरलेल्या, मेडिकलवाल्याने पट्टी कातरीने कापलेली त्यामुळे वरचं अर्धं नाव गेलेलं. मोबाईलचा टॉर्च लावून फॉइल तिरकं धरलं तेव्हा "…ग्रेल ७५" एवढं दिसलं आणि त्याखाली अगदी बारीक अक्षरात अ‍ॅस्पिरिन ७५.

क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन एकत्र, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी. ही कोणी उगाच देत नाही.

आजोबांना विचारलं छातीत कधी दुखलं होतं का, ते मुलाकडे बघायला लागले, मुलगा खिडकीकडे. आजीच बोलल्या, "मुंबयक छातीत स्प्रिंग घातल्यानी ना, शिमगो झाल्यावर." म्हणजे हार्ट अ‍ॅटॅक येऊन अँजिओप्लास्टी झालेली आणि त्याला जेमतेम आठ महिने. आजोबांनी घरात सगळ्यांना दम दिला होता की हृदयाचं नाव काढायचं नाही, नाहीतर डॉक्टर ऑपरेशनच करणार नाहीत. त्यांचंही मी समजू शकते, हर्नियामुळे वाकता येत नव्हतं, बागेत शिंपणं बंद, दिवसभर पडवीत बसून राहायचं, ज्या माणसाने जन्मभर कष्ट केलेत त्याला हे जड जातं.

मी लगेच मॅडमना फोन लावला. त्यांनी पहिलं विचारलं, स्टेंट (आजी म्हणाल्या ती स्प्रिंग, हृदयाची रक्तनळी उघडी ठेवणारी बारीक जाळी) कधीची आणि कुठली, कागद आहे का. कागद डोंबिवलीला कपाटात. मुलाने बायकोला फोन केला, वॉर्डात रेंज येत नाही म्हणून जिन्यात जाऊन उभा राहिला, तिने डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठवला तर पहिलंच पान, त्यावर नाव-पत्ता आणि तपासण्या. आम्हाला हवं होतं ते दुसऱ्या पानावर, तारीख, कुठल्या नळीत स्टेंट घातली आणि गोळ्या किती महिने घ्यायच्या ते. ते पान यायला बराच वेळ गेला, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की दोन्ही गोळ्या वर्षभर चालू ठेवायच्या.

आता पेच काय होता ते नीट सांगते, कारण मुलालाही तो आधी पटत नव्हता. हर्नियाला पाठीत सुई देऊन कमरेखालची भूल देणार होते. क्लोपिडोग्रेल चालू असताना ती सुई दिली तर मणक्यात आत रक्तस्राव होऊन ते साचू शकतं आणि मज्जारज्जूवर दाब येऊन पाय कायमचे अधू होऊ शकतात. असं क्वचित होतं पण झालं तर फार वाईट. म्हणून ही गोळी साधारण ५ ते ७ दिवस आधी बंद करावी लागते. मग बंद करा ना आठवडाभर, मुलगा म्हणाला. पण अ‍ॅटॅकनंतर स्टेंट घातलेल्या माणसाची गोळी वर्षाच्या आत अशी थांबवली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन परत अ‍ॅटॅक येऊ शकतो. चालू ठेवली तर पाठीत धोका, थांबवली तर छातीत. आणि हर्निया अडकलेला नव्हता, झोपलं की आपोआप आत जात होता, म्हणजे थांबायला वाव होता.

मॅडम आल्या, सर्जनशी आणि मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलल्या आणि ऑपरेशन पुढे ढकललं. मुलगा खूप चिडला, "सिस्टर, चार दिवसांची रजा आहे, परत कुठून काढू?" तो चुकीचं बोलत नव्हता, खाजगी नोकरी, येण्याजाण्याचा खर्च, सगळं खरं आहे. मॅडम स्टूल ओढून बेडजवळ बसल्या आणि त्याला पाठीच्या कण्याचं चित्र काढून दाखवलं, घाई न करता, आजोबांनाही. मला ते फार आवडलं, असं बसून बोलणारे डॉक्टर असले की आमचं निम्मं काम हलकं होतं. घरी सोडताना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, गाठ कडक झाली, आत जाईना, दुखायला लागलं, उलट्या झाल्या तर तारखेची वाट न बघता १०८ ला फोन करून लगेच यायचं.

त्या संध्याकाळपासून माझं अ‍ॅडमिशनचं बोलणं बदललंय. तारीख घ्यायला ओपीडीत माणसं येतात तेव्हाच सांगते, घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या पट्टीसकट आणा, आयुर्वेदिक काढे, गावठी झाडपाल्याची औषधं पण, आणि जुना डिस्चार्ज कार्ड असेल तर सगळ्या पानांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. शुगरवाल्यांना तर वेगळं विचारावं लागतं, डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर ती ३ दिवस आधी थांबवतात, आणि हे सगळं डॉक्टरांना विचारून, आपल्या मनाने काहीच बंद करायचं नाही. सरकारी आरोग्य योजनेतून करायचं असेल तर आधार आणि रेशनकार्ड ओरिजिनल घेऊन आधीच आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला भेटा, ठरवलेल्या ऑपरेशनला आधी मंजुरी लागते, आणि सकाळी केस असताना रेशनकार्डसाठी एसटीने गावाला पळणारे नातेवाईक मी बघितलेत.

सोनं घरी ठेवा. मंगळसूत्र काढायला बायका तयार नसतात, मी समजावते की ऑपरेशनात रक्त थांबवायला करंटवरचं मशीन वापरतात, अंगावर धातू नको. कवळीला डबी आणा, टिश्यूत ठेवलेली कवळी कचऱ्यात जाते. नखांना मेंदी-पॉलिश नको, बोटाला लावायच्या मशीनला ऑक्सिजन नीट वाचता येत नाही. आणि चहा! रात्रीपासून उपाशी राहिलेला माणूस पहाटे हमखास अर्धा कप चहा घेतो कारण त्याच्या लेखी चहा म्हणजे खाणं नव्हे. पण दुधाचा चहा पोटात अन्नासारखाच धरतात, ६ तास हवेत, भूल देताना उलटी होऊन फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. साधं पाणी बहुतेकदा २ तास आधीपर्यंत चालतं, तेही भूलतज्ज्ञांना विचारून.

आजोबा पुढच्या एप्रिलात परत आले. वर्ष पूर्ण झालेलं, हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी सोबत, ती जोड कॅप्सूल ७ दिवस आधी थांबवून नुसती अ‍ॅस्पिरिन चालू. या वेळी मुलगा आला नव्हता, भाचा होता, पण कार्डाची दोन्ही पानं त्याच्या मोबाईलवर होती. डबा आजींनी न मागता पुढे केला. ऑपरेशन नीट झालं, तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. सर्जननी सांगितलं दीड महिना जड उचलायचं नाही, तर आजोबांना काजूचीच चिंता, "मगे काजी कोण जमवतलो?"

आजी गोळ्यांचे रंग माझ्याकडून परत एकदा समजून घेत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मी आसंय मां."