आमची पोर तू

दूरचित्रवाणीसाठीच तयार होणाऱ्या अमेरिकी कौटुंबिक चित्रपटांचे मराठी संवाद लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. बेळगावात, शहापूरच्या घरी बसून मी संवाद लिहिते आणि ध्वनिमुद्रण असले की रात्रीच्या बसने मुंबईला जाते. गेल्या हिवाळ्यातील एका ध्वनिमुद्रणात एका छोट्या वाक्यावरून जे घडले, ते अजून माझ्या मनातून गेलेले नाही.

या चित्रपटांना नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. लहान गाव, बर्फ, नाताळ, रुसलेले नातेवाईक आणि शेवटी समेट, एवढेच त्यात असते, असे ते म्हणतात. मला ते पटत नाही. आजी, सून आणि नातू एका खोलीत बसून, कोणीही अवघडून रिमोट न शोधता, अखेरपर्यंत काही पाहू शकतात, ही साधी गोष्ट नव्हे. त्यामागे जुनी परंपराही आहे. हॉलमार्क या शुभेच्छापत्रांच्या कंपनीची नाट्यमालिका २४ डिसेंबर १९५१ रोजी सुरू झाली, ती खास दूरचित्रवाणीसाठी लिहिलेल्या एका नाताळच्या संगीतिकेने. आजही या चित्रपटांची रचना जाहिरातींच्या हिशेबाने होते. दोन तासांच्या वेळेत चित्रपट दीड तासाहूनही थोडा कमी असतो आणि प्रत्येक खंड अशा जागी तोडलेला असतो की जाहिराती संपताच प्रेक्षकाने परत यावे. आपल्याकडे प्रसारणात जाहिराती भलत्याच ठिकाणी पडतात, त्यामुळे संगीत चढत जाते, बाप दारात येऊन उभा राहतो आणि लगेच दुसऱ्या दिवशीची सकाळ सुरू होते. ज्यांनी ती जागा बेतून लिहिली त्यांच्या कष्टांची ही नासाडी पाहून मला दर वेळी वाईट वाटते. चित्रीकरणही बहुधा कॅनडात, पुष्कळदा भर उन्हाळ्यात, खोट्या बर्फावर झालेले असते. नटांच्या तोंडून वाफ निघत नाही, म्हणून थंडी आवाजातून आणावी लागते आणि वाक्यात कुठे श्वास तुटायला हवा, हे मी कागदावर खूण करून देते.

खरी कसोटी ओठांची असते. पात्र पाठमोरे असेल तर काहीही लिहून चालते, परंतु चेहरा पडदाभर आला की प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात ते लहान मुलालाही दिसते. त्या चित्रपटात बापाची इच्छा मुलीने नाताळच्या झाडांची त्याची शेती सांभाळावी अशी होती. तिने ते झुगारून गावात स्वतःची बेकरी काढलेली. दोघांत अबोला. शेवटच्या संध्याकाळी तो बेकरीत येतो, पाव हातात घेतो, तिच्याकडे पाहतो आणि म्हणतो, "आयम् प्राउड ऑफ यू." जेमतेम दीड सेकंद. संपूर्ण चित्रपट त्या दीड सेकंदावर उभा होता.

"मला तुझा अभिमान वाटतो" हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, परंतु ते सत्कार समारंभातले आहे. शिवाय ते लांब, आणि भ-म मिटेपर्यंत पडद्यावरचे तोंड बंद होऊन गेलेले. "नाव काढलंस" यात अर्थ आहे, पण ओठ एकदाही मिटत नाहीत. याच चित्रपटाचे कन्नड संवाद लिहिणाऱ्या हुबळीच्या मैत्रिणीला मी फोन केला. कन्नडमधील डबिंगला अनेक दशके चित्रपट व्यवसायातूनच अडसर होता. २०१५ मध्ये व्यापारातील स्पर्धेवर देखरेख करणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने तो स्पर्धाविरोधी ठरवला, तेव्हापासून हळूहळू तिला काम मिळू लागले. तिचे काम एका शब्दात झाले होते, 'हेम्मे'. अभिमानाला त्यांच्याकडे घरात वापरता येणारा शब्द आहे, वर त्यात दोनदा मकार. मला त्या क्षणी तिचा हेवा वाटला.

मग मला माझे वडील आठवले. आमच्या घरी यंत्रमाग होते. धोट्याच्या खडखडाटात कोणाचे बोलणे कानावर पडत नसे, म्हणून आम्ही भावंडे लहानपणापासून ओठ वाचत असू. माझा एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, निकाल लागला त्या दिवशी सुताचा व्यापारी घरी आला होता. बाबांनी माग थांबवला नाही. मी कांड्या भरत बसले होते, आणि माझ्याकडे मान न वळवता ते त्याला काहीतरी म्हणाले. मला ऐकू आले नाही; दिसले. "आमची पोर ती."

मी ते वाक्य ओठांवर ठेवून पाहिले. 'आयम्'ला 'आम', 'प्राउड'ला 'पोर', दोन्ही मिटण्या जागच्या जागी. शेवटी 'यू'साठी ओठांचा चंबू होतो, 'ती'ला ते फाकतात, म्हणून 'ती'चे 'तू' केले. "आमची पोर तू." मूळ वाक्यात चार उच्चार, यातही चार. इतकी नेमकी ओळ मला आजवर सापडली नव्हती, आणि मला तिचा अतोनात आनंद झाला होता.

मुंबईत पर्यवेक्षकांनी ती वाचली आणि म्हणाले, "ही बेळगावी वाटते, लोक हसतील." आमच्या बोलीला पुण्या-मुंबईकडे विनोदी पात्रांपुरतीच जागा दिली जाते, बाप म्हणून ती चालत नाही, याचा मला मनापासून राग आहे, आणि तो मी तिथे बोलून दाखवला. बापाचा आवाज देणाऱ्या ज्येष्ठ नटाने ओळ एकदा म्हटली. काचेपलीकडे कोणी हसले नाही. ओळ राहिली.

दुपारी मुलीचा आवाज देणारी कलाकार आली. हल्ली प्रत्येकाचे ध्वनिमुद्रण स्वतंत्र होते. तिने हेडफोनमध्ये बापाची ओळ ऐकायची आणि त्यावर नुसता एक हुंदका द्यायचा, संवाद नाही. तिने दोनदा प्रयत्न केला, थांबली, आणि हेडफोन उतरवून मला म्हणाली, "ताई, एक विचारू? हिनं जे केलं त्याबद्दल तो काहीच म्हणत नाहीये. बेकरी हिची, कष्ट हिचे, आणि हा म्हणतोय तू आमची. हिनं आयुष्यभर हेच ऐकलं असेल ना?"

मी तिला काहीतरी उत्तर दिले. आमच्याकडचे बाप असेच बोलतात, असे काहीसे. ती वाद घालणारी मुलगी नव्हती. तिने मान हलवली आणि तिसऱ्या खेपेला हुंदका न देता श्वास नुसता आत ओढून धरला. पर्यवेक्षकांना ते आवडले आणि आम्ही पुढच्या प्रसंगाकडे गेलो. तासाच्या भाड्यावर चालणाऱ्या खोलीत याहून अधिक थांबता येत नाही.

प्रसारणाच्या दिवशी आई आणि मी ते एकत्र पाहिले. ती ओळ आली तेव्हा आई पदर डोळ्यांना लावत म्हणाली, "तुझे बाबा असंच म्हणायचे." मी विचारले, "मला कधी म्हणाले?" तिने आठवून पाहिले. "तुला नाही. आल्यागेल्याला सांगायचे." 'ती'चे 'तू' मी केले होते, तेही एका परदेशी नटाच्या ओठांचा चंबू जुळावा म्हणून.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, भाजी निवडताना, दुसरी ओळ सुचली: "हं, मानलं तुला." यात तिचे कर्तृत्व आहे, बापाची माघारही आहे, आणि 'हं'नंतर 'म'ला ओठ बरोबर मिटतात. मी ती फाइल पुन्हा उघडून पडद्यासमोर म्हणून पाहिली. शेवटी त्याचे ओठ 'यू'वर गोल होतात आणि माझा 'ला' उघडा पडतो. पर्यवेक्षकांनी ती नापास केली असती, आणि ओठांच्या हिशेबाने ते बरोबरच ठरले असते. तरीही ती मी वहीत 'आमची पोर तू'च्या खाली लिहून ठेवली आहे, आणि दोन्हींपैकी एकही खोडलेली नाही.