फ्लॅट कोटीचा, पेन्शन हजारांत आणि घरपट्टी वेळेवर

एप्रिल-मे आला की आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळकतकराची चर्चा सुरू होते, कुणाचं बिल किती आलं, ऑनलाइन भरलं की पावती लगेच मिळते का वगैरे, आणि दरवर्षी मला एक गोष्ट खुपते की ज्यांना त्या बिलाचा खरा ताण आहे ती माणसं या चर्चेत एक अक्षर बोलत नाहीत. तिशी-चाळिशीतले आम्ही फोनवरून पैसे भरून मोकळे होतो. गप्प असतात ते काका ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून, बायकोचे दागिने मोडून इथं वन बीएचके घेतला, आणि त्या काकू ज्यांचे मिस्टर गेल्यावर फॅमिली पेन्शन निम्म्यावर आली पण मेंटेनन्स काही निम्मा झाला नाही.

त्यांना कुणी म्हणतं, अहो काका तुमचा फ्लॅट आता कोटीचा झालाय! झाला असेल हो. पण त्या कोटीतून सकाळचं दूध येत नाही ना. पुण्यात कारखान्यांतून रिटायर झालेली कितीतरी माणसं ईपीएस ९५ च्या, म्हणजे पीएफ खात्याच्या कर्मचारी पेन्शन योजनेच्या, पेन्शनवर आहेत, आणि त्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे ती अजून तेवढीच आहे. अनेकांना दोन-अडीच हजार मिळतात. त्यात घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स, लिफ्टच्या दुरुस्तीची वेगळी वर्गणी, लाइट बिल, बीपीच्या गोळ्या, आणि उन्हाळ्यात टँकर आला की त्याचे पैसे वेगळे. घर स्वतःचं असलं तरी त्यात राहायला दर महिन्याला पैसे लागतात, हे घर नावावर असलेल्या म्हाताऱ्या माणसांबाबत आपण सगळेच विसरतो.

आता मदत काय आहे ते सांगते, कारण आहे, पण अर्ध्या लोकांना माहितीच नसते.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पुण्यातली ४० टक्के सवलत. घरमालक स्वतः त्या घरात राहत असेल तर करपात्र रकमेत ४० टक्के सूट, ही पुण्यात १९७० पासून चालत आलेली गोष्ट आहे. मध्ये ऑडिटचे आक्षेप आले आणि २०१९ मध्ये राज्य सरकारनं महापालिकेचा तो ठराव रद्द केला, मग बरीच ओरड झाली, अनेक पक्षांनी आंदोलनं केली आणि २०२३ मध्ये सवलत परत मिळाली. पण मिळाली म्हणजे सगळ्यांना आपोआप मिळाली असं नाही! १ एप्रिल २०१९ नंतर ज्यांच्या घराची नव्यानं आकारणी झाली किंवा मधल्या सर्व्हेत ज्यांची सवलत काढली गेली त्यांनी पीटी ३ नावाचा अर्ज भरून द्यायचा, सोबत सोसायटीचं पत्र किंवा मतदान ओळखपत्र, पासपोर्ट, गॅस कार्ड, रेशनकार्ड असा राहण्याचा पुरावा, आणि शहरात दुसरं घर असेल तर त्याच्या बिलाची प्रत. तो अर्ज गेला नाही तर बिल पूर्ण येतं. आकडा बघा, सवलतीनं ज्यांना साधारण ६,००० येईल त्यांना सवलत नसेल तर १०,००० येतं. दोन-अडीच हजार पेन्शनवाल्या माणसाला वरचे ४,००० म्हणजे काय असतं याचा विचार करा जरा.

आणि हे ज्यांच्या बाबतीत होतं त्यांना कळतही नाही, कारण बिल आलं की भरायचं ही त्या पिढीची सवय. सरकारचं देणं ठेवायचं नाही म्हणून आधी घरपट्टी भरतात आणि मग बाकीचं बघतात, प्रसंगी स्वतःची औषधं मागे ठेवतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं की बिल हातात घ्या आणि शेजारच्या त्याच मापाच्या, त्याच वेळी आकारणी झालेल्या फ्लॅटच्या बिलाशेजारी ठेवा. करपात्र रकमेत मोठा फरक दिसला तर लगेच महापालिकेच्या संपर्क कार्यालयात विचारा.

एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. ही सवलत स्वतः राहण्यासाठी आहे, भाड्यानं दिलेल्या घराला नाही. एकट्या पडलेल्या काकू मुलाकडं राहायला गेल्या आणि औषधपाण्याला चार पैसे होतील म्हणून फ्लॅट भाड्यानं दिला की सवलत जाते. भाड्याचा हिशोब करताना हे आधीच धरून चाला. आणि मिस्टर गेल्यावर बिलावरचं नाव बदलून घ्या, दुःखात कुणाला सुचत नाही मान्य आहे, पण वर्षानुवर्षं बिल गेलेल्या माणसाच्या नावावर येत राहतं आणि मग एखादा अर्ज करायची वेळ आली की सगळी कागदपत्रं एकदम गोळा करावी लागतात.

बिल वेळेत भरलं तर त्यातल्या सर्वसाधारण कराच्या भागात पाच किंवा दहा टक्के सूट असते, तारीख बिलावर छापलेली असते, साधारण मे-जूनपर्यंत. उशीर झाला तर मात्र महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड. महिन्याला दोन म्हणजे वर्षाला चोवीस! सोसायटीचा मेंटेनन्स थकला तर आदर्श उपविधीप्रमाणं (सोसायट्यांची नमुना नियमावली) वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकतं. आणि म्हाताऱ्या माणसाच्या पैशाला मिळतं किती तर पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के, ते पण ज्यांच्याकडं ठेवायला पैसे आहेत त्यांना. त्यामुळं एफडी मोडायची नाही म्हणून घरपट्टी थकवून ठेवणं हा सगळ्यात महागडा मार्ग आहे, घरातल्या कुणीतरी त्यांना हे शांतपणे बसून समजावलं पाहिजे, ओरडून नाही.

माजी सैनिक आणि शहीदांच्या, माजी सैनिकांच्या विधवा पत्नींसाठी राज्य सरकारची २०२० ची बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आहे, त्यात एका घराची घरपट्टी माफ होते. खडकी, दापोडी, वानवडी भागात अशी कितीतरी कुटुंबं आहेत. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं.

पण निव्वळ वय झालं म्हणून पुण्यात घरपट्टीत सवलत नाही आणि हेच मला सगळ्यात जास्त टोचतं. सोलर बसवलं, गांडूळखत केलं, पावसाचं पाणी जिरवलं तर करात पाच-दहा टक्के मिळतात आणि ते मिळायलाच हवेत, पण ऐंशीव्या वर्षी एकट्यानं घर चालवणाऱ्या बाईला वयाचं म्हणून काही नाही. दिल्लीत ज्येष्ठ नागरिकांना एका घरावर ३० टक्के सूट आहे. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांची घरपट्टी माफ झाली. आपल्या शेजारी पिंपरी-चिंचवडला घर बाईच्या नावावर असेल तर सामान्य करात सवलत आहे. मग पुण्याला का नको? स्वतः राहत असलेलं एकच घर, वय पासष्टच्या पुढं, पेन्शन अमुक रकमेच्या आत, एवढ्या तीन अटी घातल्या तरी ज्याला खरंच गरज आहे त्यालाच सवलत जाईल, बंगलेवाल्यांना नाही. हयातीचा दाखला दरवर्षी देतातच ही माणसं, त्यासोबत एक कागद जास्त.

कुणी म्हणेल श्रावणबाळ योजना आहे की. आहे, पासष्टच्या पुढं महिना १,५०० रुपये. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपयांची आहे. म्हणजे महिन्याला १,७५०. ज्याला २,००० पेन्शन आहे तो वर्षाला २४,००० कमावतो म्हणून बाहेर! इतका गरीब नाही की योजनेत बसेल आणि इतकं उत्पन्नही नाही की बिल भरून सुखानं जेवेल, अशा मधल्या लोकांनी आपली पेठांतली आणि कोथरूड-सहकारनगरमधली जुनी बिल्डिंग भरलेली आहे.

पेठांवरून आठवलं, वाड्यातले जुने भाडेकरू पण याच वयाचे आहेत. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात त्यांना संरक्षण आहे, भाडं वर्षाला चार टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही आणि भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. वाडा पाडायची बोलणी सुरू झाली की याच पावत्या लागतात. आजोबांच्या त्या पत्र्याच्या पेटीतला एकही कागद रद्दीत जाऊ देऊ नका.

घर गहाण ठेवून उलट बँकेनंच आपल्याला दर महिन्याला पैसे द्यायचे ही रिव्हर्स मॉर्गेजची सोय २००८ पासून आहे, साठीच्या पुढच्यांना, आणि नवरा-बायकोपैकी एक जण जरी असेल तोपर्यंत घरातून कुणी काढत नाही, मिळणाऱ्या पैशावर इन्कम टॅक्सही नाही. पण आपल्याकडं हे बोलायचं म्हटलं तरी मुलांचे चेहरे पडतात. मला वाटतं ज्यांना कुणी बघायला नाही त्यांनी जरूर चौकशी करावी, घर तुमच्या कष्टाचं आहे आणि तुमचं म्हातारपण आधी.

याउलट घर घाईनं मुलांच्या नावावर करू नका. बक्षीसपत्राची मूळ स्टँप ड्युटी मुलांसाठी फक्त २०० रुपये आहे (स्थानिक अधिभार वेगळा) म्हणून पटकन करून टाकू असं अनेकांना वाटतं. केलंच तर आमचा सांभाळ करायचा ही अट त्या कागदात स्पष्ट लिहून घ्या, कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम २३ त्या अटीवर उभं आहे, सांभाळ झाला नाही तर प्रांतांकडच्या न्यायाधिकरणात जाऊन ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. सल्ला लागला तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे, फोन फुकट आहे.

सोसायटीच्या या वर्षीच्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, मी एक विषय ठेवलाय. सोसायटीतल्या सत्तरीच्या पुढच्या प्रत्येक घराचं मिळकतकराचं बिल आम्ही तरुण मंडळी त्यांच्यासोबत बसून तपासू, सवलत नसेल तर सोसायटीचं पत्र कमिटी त्याच दिवशी देईल, आणि मेंटेनन्स थकलेल्या ज्येष्ठांची नावं नोटीस बोर्डावर लावायची नाहीत, आधी घरी जाऊन विचारायचं की काका, काकू, काय अडचण आहे. चेअरमन हो म्हणालेत. तुमच्याकडं कुणी असं करत असेल तर कमेंटमध्ये लिहा, कसं केलं ते मला पाहिजे आहे.