लेपर्ड गेकोच्या पिल्लाआधी किड्यांना जेवू घाला

लेपर्ड गेको या पाळीव पालीचं पिल्लू घरी आलं की पहिला प्रश्न येतो, रोज किती किडे द्यायचे? प्रश्न रास्तच आहे, पण त्याच्या आधीचा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो. त्या किड्यांनी स्वतः काय खाल्लंय? दुकानातल्या डब्यात आठवडाभर नुसत्या कोंड्यात पडून राहिलेल्या अळीच्या पोटात देण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. पिल्लू ती आवडीने खातं, पोट भरलेलं दिसतं आणि काही महिन्यांत जबडा मऊ पडायला लागतो.

कारण साधं आहे. पिल्लाच्या खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट हवं. रातकिड्यात नेमकं उलटं असतं, फॉस्फरस कॅल्शियमच्या साधारण सातपट. मीलवर्म या अळीत तर पंधरापटीच्याही वर. खाण्यातून कॅल्शियम मिळालं नाही की शरीर ते हाडांतून काढून घेतं. अंड्यातून निघताना तीन ग्रॅमच्या आसपास असलेला हा जीव वर्षभरात पन्नास ग्रॅमपर्यंत जातो, त्यामुळे या वयात ही कमतरता लवकर भोवते. आधी बोटं थरथरतात, चालताना पोट जमिनीला घासतं, मग पाय वाकतात. एकदा वाकलेलं हाड उपचारानंतरही सहसा सरळ होत नाही.

म्हणून किडे आणले की लगेच पिल्लासमोर टाकायचे नाहीत. आधी २४ ते ४८ तास त्यांना नीट खाऊ घालायचं. आपल्याकडे यासाठी शेवग्याच्या पाल्यासारखी दुसरी गोष्ट नाही. १०० ग्रॅम पाल्यात ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं आणि कुणाच्या तरी परसात झाड असतंच. पाला धुऊन पूर्ण कोरडा करायचा. जोडीला गाजर किंवा लाल भोपळ्याच्या चकत्या. पालक टाळायचा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. कोरडं खाणं म्हणून गव्हाचा कोंडा आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं लेयर खाद्य निम्मं-निम्मं. लेयर खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. चिक स्टार्टर, म्हणजे कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य, घेऊ नका, त्यात बऱ्याचदा औषध मिसळलेलं असतं. हे मिश्रण फक्त शेवटच्या एक-दोन दिवसांपुरतं. इतक्या कॅल्शियमवर अळ्या फार दिवस तग धरत नाहीत, एरवी त्यांना कोंडाच बरा.

मीलवर्म फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. आठ-दहा अंशांत अळी खात नाही, म्हणजे फ्रिजमधून काढून थेट वाटीत टाकलेली अळी उपाशी अळी. दोन दिवस आधी बाहेर काढा, खायला घाला, मग द्या. सुपरवर्म (मीलवर्मसारख्याच, पण मोठ्या अळ्या) मात्र फ्रिजमध्ये मरतात.

आता पावडर. फॉस्फरस नसलेली कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पावडर घ्यायची. उभ्या डब्यात त्या वेळचे किडे, त्यावर एक चिमूट, आणि डबा हलकेच गोल फिरवायचा. किड्यावर पातळ थर दिसला की पुरे. पांढराफटक किडा पिल्लू तोंडात धरून टाकून देतं, आणि दोन-चारदा असं झालं की त्या किड्याकडे बघेनासं होतं. पावडर लावली की लगेच द्या, रातकिडे थोड्याच वेळात अंग साफ करून टाकतात.

पिंजऱ्यात यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा नसेल तर आठवड्यातून दोनदा साध्या पावडरीऐवजी डी३ (ड जीवनसत्त्वाचा एक प्रकार) असलेली पावडर वापरा, कारण डी३ शिवाय पोटातलं कॅल्शियम शरीरात नीट शोषलं जात नाही. मल्टिव्हिटॅमिन आठवड्यातून एकदा, आणि त्यात जीवनसत्त्व अ रेटिनॉलच्या रूपात आहे ना, हे लेबलवर बघा. जास्त दिलं म्हणून जास्त फायदा होत नाही, अ आणि ड दोन्ही शरीरात साठून विषारी ठरू शकतात. पिल्लाला चाटायला वाटीत कायम ठेवायची पावडर डी३ नसलेलीच असावी. आणि एक कळकळीची विनंती: कॅल्शियमच म्हणून पानाचा चुना कुणी वापरू नका. तो दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजते.

मापाचं म्हणाल तर किड्याची जाडी पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जास्त नको. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला सहा मिलिमीटरच्या आसपासचे रातकिडे किंवा लहान मीलवर्म. पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे सुरुवातीचे काही दिवस, ते खात नाही, तेव्हा घाबरू नका. पुढे लांबीच्या दर इंचामागे दोन किडे धरून सुरुवातीला रोज पाच ते सात. पहिले सहा महिने रोज, त्यानंतर एक दिवसाआड. सुपरवर्म सहा महिन्यांच्या आत नकोच. त्यात चरबी १७-१८ टक्के असते, रातकिड्यात सातच्या आसपास, शिवाय सुपरवर्म चावतो.

नुसत्या मीलवर्मवर पिल्लू वाढवू नये, असं माझं ठाम मत आहे. रातकिडे हा पाया, मीलवर्म अधूनमधून. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या मिळाल्या तर फारच उत्तम, त्यांच्यात मुळातच फॉस्फरसच्या दुप्पट-अडीचपट कॅल्शियम असतं. फक्त त्या ओल्या कचऱ्याच्या प्रकल्पातल्या नसाव्यात. तिथे अळीने काय खाल्लं ते कुणालाच ठाऊक नसतं.

दिवेलागणीला द्या, हा प्राणी तेव्हाच जागा होतो. अळ्यांसाठी गुळगुळीत कडांची स्टीलची वाटी ठेवा, म्हणजे त्या चढून कागदाखाली दडत नाहीत. रातकिडे एकेक करून सोडा. पंधरा मिनिटांत जे उरतील ते बाहेर. आत राहून गेलेला भुकेला रातकिडा झोपलेल्या पिल्लाच्या बोटांना आणि पापण्यांना कुरतडतो. खाली वाळू नको, साधा किचन पेपर घाला. भक्ष्यावर झडप घालताना वाळू पोटात जाते आणि आतडं तुंबतं.

पुण्यात खरी परीक्षा हवा घेते. डिसेंबर-जानेवारीत शिवाजीनगर-पाषाणकडे रात्रीचं तापमान दहाच्याही खाली जातं. खाल्लेलं पचायला पोटाखाली ३१ ते ३३ अंशांची उबदार जागा लागते, आणि हीट मॅट थर्मोस्टॅटवरच (तापमान ठरावीक ठेवणाऱ्या यंत्रावरच) हवी. ऊब नसेल तर किडा पोटात तसाच राहतो. विष्ठेत आख्खी अळी ओळखू येत असेल तर आधी थर्मामीटर बघा, खाणं नंतर बदला. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, ती थंडीत संध्याकाळपर्यंत आली नाही तर त्या दिवशी जेवण नको. एक दिवसाच्या उपासाने धडधाकट पिल्लाचं काही बिघडत नाही, पोटात कुजलेल्या किड्याने बिघडतं.

पावसाळ्यात गोची किड्यांच्या डब्यात होते. कोंडा दमट झाला की त्यावर बुरशी धरते, किंवा बारीक पांढरट धूळ दिसते. ती धूळ भिंगातून हलताना दिसली तर ते माइट्स, म्हणजे अगदी बारीक जीव. गिरणीतून आणलेला कोंडा कढईत मंद आचेवर भाजून, पूर्ण गार करून मगच वापरा. त्याने बुरशी आणि माइट्सची अंडी दोन्ही मरतात. थर चार-पाच सेंटिमीटर पुरे. जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या पाल्याऐवजी गाजराची पातळ चकती ठेवा आणि ती रोज बदला. रातकिड्यांचा डबा जाळीच्या झाकणाचा हवा, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावून. मेलेले रोज काढले नाहीत तर अमोनियाचा उग्र वास येतो आणि दोन दिवसांत अख्खा डबा मरतो. पाण्यासाठी वाटी नको, बटाट्याची फोड द्या, नाहीतर लहान रातकिडे बुडतात.

पहिल्या वळवानंतर दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीचा खच पडतो, फुकटचं खाणं म्हणून मोह होतो. देऊ नका. सोसायटीत डासांसाठी धुरळणी होते, स्वयंपाकघरात झुरळांचं जेल असतं, त्यामुळे बाहेरचा किडा कशातून गेलाय हे कळत नाही. काजवा तर कदापि नाही. काही काजव्यांमधल्या विषाने पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत, एका काजव्यानेसुद्धा.

वजन आठवड्यातून एकदा, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर, जेवणाआधी करा आणि लिहून ठेवा. शेपूट हा त्याचा साठा आहे, ती भरीव आणि मानेइतकी जाड असावी. खाऊनपिऊन दोन आठवडे ओळीने वजन घटलं किंवा शेपूट बारीक होत गेली, तर आणखी किडे घालू नका. २४ तासांच्या आतली ताजी विष्ठा बंद डबीत घेऊन सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्यांकडे जा आणि जंतांसोबत क्रिप्टोस्पोरिडियम या पोटातल्या सूक्ष्म परजीवीचीही तपासणी मागा.